मोरोक्को पहिल्यांदाच करताय? फेझमधून वाळवंटात आणि तिथून मराकेशला, असं एका दिशेने जा

मोरोक्कोचा विषय निघाला की बहुतेक लोकांचा प्लॅन साधारण सारखाच असतो, मराकेशला उतरायचं, तिथल्याच कुठल्या तरी एजंटकडून तीन दिवसांची वाळवंटाची टूर घ्यायची, परत मराकेशला यायचं, मग वेळ उरला तर फेझ. आता नकाशा उघडून बघा. मराकेश ते मेर्झूगा, म्हणजे ज्या गावाच्या मागे ते फोटोतले उंच वाळूचे डोंगर आहेत ते गाव, हे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे आणि मध्ये ॲटलस पर्वत. म्हणजे तीन दिवसांतले दोन सव्वादोन दिवस तुम्ही मिनीबसच्या खिडकीत, आणि वाळूत एक संध्याकाळ आणि एक पहाट, तीही घाईत. इतक्या लांब जाऊन एवढंच पदरात पडलं तर मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोल फिरून त्याच रस्त्याने परत येऊ नका. कॅसाब्लांकाला उतरा, ट्रेनने फेझ, फेझमधून दक्षिणेला मेर्झूगा, तिथे दोन रात्री, मग पश्चिमेला तोद्रा, दादेस, वार्झाझात करत डोंगर ओलांडून मराकेश. एकही रस्ता दोनदा होत नाही. दहा ते बारा दिवस काढा. आठच दिवस असतील तर एखादं शहर कमी करा, पण वाळवंटातली दुसरी रात्र कापू नका.

कधी जायचं

मार्च ते मेचा मध्य, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यात असतात त्यामुळे लोक मे-जून पकडतात, मेच्या पहिल्या पंधरवड्यात चालून जातं पण जूनपासून मेर्झूगाकडे उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो. त्या दिवसांत वाळवंटात जाऊच नका, किनाऱ्यावरचं एसावीरा, तांजिर करा, तिथे समुद्राचा वारा असतो. दिवाळीची सुट्टी मात्र या देशासाठी एकदम बरोबर बसते. डिसेंबर-जानेवारीतही जाता येतं, दिवसा छान कोवळं ऊन असतं, पण वाळवंटात रात्री तापमान शून्याजवळ जातं आणि तंबूत हीटर नसेल तर हाल होतात. शिवाय डोंगरातल्या घाटात बर्फ पडला की रस्ता काही तास किंवा दिवसभर बंद होतो. वसंतात वारा सुटला तर वाळूचं वादळ येऊ शकतं, म्हणूनसुद्धा दोन रात्री हव्यात, एक संध्याकाळ वाऱ्यात गेली तरी दुसरी हातात राहते.

रमजान कधी आहे ते आधी बघा. त्या महिन्यात जाऊ नये असं मी म्हणणार नाही, सूर्यास्ताच्या वेळी अख्खं शहर एकदम शांत होतं आणि तासाभराने सगळं रस्त्यावर येतं, तो अनुभव वेगळाच आहे. पण दुपारी छोट्या गावांत खायला मिळणं कठीण होतं. आणि एक गंमत लक्षात ठेवा, मोरोक्कोचं घड्याळ वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असतं, फक्त रमजानमध्ये ते एक तास मागे घेतात. म्हणजे एरवी आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, रमजानात साडेपाच. ट्रेन आणि विमानाच्या वेळा त्या हिशोबाने तपासा.

व्हिसा, विमान, पैसे

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, अर्ज मोरोक्को सरकारच्या अधिकृत पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या खासगी साइट्स जास्त पैसे घेतात, त्यांच्या नादी लागू नका. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. फी आणि कागदपत्रं बदलत असतात म्हणून तिकीट काढायच्या आधी पोर्टलवरच वाचा. व्हिसाची प्रिंट सोबत ठेवा, फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मुंबईहून जाताना दुबई, अबुधाबी, दोहा किंवा इस्तंबूलला विमान बदलून कॅसाब्लांकाला जाता येतं. तिकीट बघताना 'मल्टी सिटी' टाकून बघा, जाताना कॅसाब्लांका आणि येताना मराकेश. फार महाग पडत असेल तर दोन्हीकडे कॅसाब्लांकाच घ्या, मराकेशहून ट्रेन अडीच-तीन तासांत आणून सोडते. जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंडला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर स्वस्त विमान कंपन्या थेट फेझ आणि मराकेशला नेतात, त्यांनी फेझला उतरून मराकेशहून परत जायचं, सगळ्यात सोपं.

चलन दिरहाम. एका दिरहामचे साधारण नऊ-दहा रुपये धरा, दर बघून घ्या. हे चलन देशाबाहेर जवळपास मिळत नाही आणि न्यायलाही मर्यादा आहे, त्यामुळे युरो घेऊन जा किंवा फॉरेक्स कार्ड. विमानतळावर थोडेच बदला, बाकी शहरात. एटीएम मोठ्या गावांत सगळीकडे आहेत, पण मेर्झूगाला पोचायच्या आधी एर्फूद किंवा रिसानीला पैसे काढून घ्या, छोट्या गावात मशीन रिकामं मिळालं तर पंचाईत होते. सुटे जपून ठेवा. टॅक्सी, टॉयलेट, पार्किंगवाला, हॉटेलात बॅग उचलणारा, सगळीकडे एक, दोन, पाच, दहा दिरहाम लागतात आणि दोनशेची नोट घेऊन उभं राहिलं तर कोणाकडेच सुटे नसतात.

सिम विमानतळावरच घ्या, मारोक टेलिकॉम, ऑरेंज आणि इन्वी या तीन कंपन्या आहेत. वाळवंटाकडे जाणार असाल तर मी मारोक टेलिकॉम घेईन. प्लग युरोपसारखा दोन गोल पिनांचा, आपल्या तीन पिनांच्या चार्जरसाठी ॲडॅप्टर लागेल. ड्रोन नेऊच नका, परवानगीशिवाय देशात आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

पहिला टप्पा, कॅसाब्लांका: एकच रात्र

कॅसाब्लांकाला फार वेळ देऊ नका, ते कामाधंद्याचं शहर आहे. पण हसन दुसरा मशीद बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. १९९३ साली पूर्ण झालेली, अगदी अटलांटिकच्या कडेला, मिनार दोनशे मीटरपेक्षा उंच. मोरोक्कोतल्या बाकीच्या जवळजवळ सगळ्या मशिदींत बिगरमुस्लिमांना आत जाता येत नाही, इथे ठरावीक वेळी गाईडसोबत तिकीट काढून जाता येतं. पुढे फेझ-मराकेशमध्ये मशिदीच्या दारातून आत डोकवायला हरकत नाही पण उंबरा ओलांडायचा नाही, हे आताच डोक्यात ठेवा.

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथून ट्रेनने कासा व्होयाजर या मुख्य स्टेशनला या. तिथून फेझला ट्रेन साधारण चार तास. रेल्वे कंपनीचं नाव ओएनसीएफ, ॲपवर तिकीट मिळतं. पहिला वर्ग घ्या, फरक थोडा असतो आणि नंबरची सीट मिळते. तांजिरला जाणारी अल बोराक ही वेगवान गाडी, २०१८ पासून चालते, ताशी ३२० किलोमीटर, पण ती फेझला जात नाही. उत्तरेकडचं निळं गाव शेफशाऊएन करायचं असेल तर तिथे रेल्वेच नाही, फेझहून सीटीएम कंपनीची बस पकडा, जाऊन-येऊन दोन दिवस धरा. माझं मत विचाराल तर पहिल्या ट्रिपला ते सोडलं तरी चालेल, फोटो सुंदर येतात पण फेझला दिलेला जास्तीचा दिवस मला केव्हाही मोलाचा वाटतो.

दुसरा टप्पा, फेझ: निदान दोन पूर्ण दिवस

या शहरावर माझं मनापासून प्रेम आहे. जुना भाग, फेझ अल बाली, १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि आत गाड्या जातच नाहीत. सामान गाढवावर, खेचरावर, हातगाडीवर. मागून "बालाक! बालाक!" ओरडलं की लगेच भिंतीला चिकटायचं, मागे वळून बघत बसायचं नाही, गाढवाच्या पाठीवर गॅसचे सिलिंडर असतात.

गल्ल्या हजारोंनी आहेत आणि फोनचा नकाशा आत गेल्यावर गोंधळतो. सोपा उपाय सांगतो. बाब बू जलूद नावाची निळी कमान आहे, तिथून दोन मुख्य गल्ल्या निघतात, तालआ कबीरा आणि तालआ सगीरा, दोन्ही उताराने खाली करावीयीन मशिदीपर्यंत जातात. रस्ता चुकला की गर्दीची, चढाची गल्ली धरायची आणि वर चालत राहायचं, कमानीच्या आसपास कुठेतरी निघता. खाली उतरत गेलात की करावीयीन. हे एकदा कळलं की भीती जाते आणि मग मुद्दाम आडगल्लीत शिरावंसं वाटायला लागतं.

करावीयीनची स्थापना इसवी सन ८५९ ची, फातिमा अल फिहरी नावाच्या बाईने केली असं परंपरा सांगते, आणि जगातल्या सर्वांत जुन्या चालू विद्यापीठांत तिचं नाव घेतात. आत जाता येत नाही पण जवळच्या मदरशांत जाता येतं. चौदाव्या शतकातला बू इनानिया मदरसा कमानीपासून अगदी जवळ आहे, सकाळी उघडल्या उघडल्या जा. खाली रंगीत फरशांचे तुकडे बसवलेले, त्याच्या वर चुन्याचं कोरीवकाम, त्याच्या वर देवदाराचं लाकूड, एका अंगणात माणूस किती वेळ बसू शकतो ते तिथे कळतं.

कातडी कमावायचे हौद, शुआरा, हे सगळ्यांना बघायचं असतं. ते आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून दिसतात, दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, वासासाठी. चुना आणि कबुतराची विष्ठा वापरून कातडं मऊ करतात, शेकडो वर्षांची पद्धत. गच्चीवर जायचं तर दहा-वीस दिरहाम द्या किंवा काहीतरी घ्या, पण कोणी "आज फक्त आजच उघडं आहे, माझ्यामागे या" म्हणत आलं तर जाऊ नका. "हा रस्ता बंद आहे, पुढे काही नाही" हे पण तसलंच. पहिल्या अर्ध्या दिवसासाठी सरकारमान्य गाईड घ्या, गळ्यात ओळखपत्र असतं, हॉटेलवाले बोलावून देतात. दुसऱ्या दिवशी एकटे फिरा.

राहायला रियाद घ्या, म्हणजे मधे चौक असलेलं जुनं घर, आता हॉटेल केलेलं. बाहेरून नुसती भिंत आणि एक दार, आत गेलं की कारंजं, संत्र्याची झाडं. फक्त बुक करताना विचारा की टॅक्सी जिथे सोडते तिथून किती चालायचं आणि कोणी न्यायला येईल का. रात्री पोचत असाल तर हे विचाराच.

शुक्रवारी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद असतात, दुपारी नमाजानंतर घराघरांत कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचं जेवण. खरेदी शुक्रवारी ठेवू नका.

टॅक्सीचं गणित

इथे नवीन माणूस गोंधळतो म्हणून थोडक्यात. छोटी टॅक्सी, पेती टॅक्सी, शहरातच चालते, तीनच माणसं घेते, प्रत्येक शहराचा रंग वेगळा, फेझ आणि कॅसाब्लांकात लाल. बसतानाच मीटरकडे बोट दाखवा, "कोंतर" म्हणा. रात्री आठनंतर दर दीडपट असतो, ती फसवणूक नाही. तुम्ही चार जण असाल तर दोन टॅक्स्या लागतील, हुज्जत घालून उपयोग नाही, कायदाच तसा आहे. मोठी टॅक्सी, ग्राँ टॅक्सी, गावाहून गावाला, आपल्या वडापसारखी, सहा सीट भरल्या की निघते, सीटचे पैसे ठरलेले असतात. घाई असेल तर रिकाम्या सीटचे पैसे भरून लगेच निघा. लांबच्या बससाठी सीटीएम आणि सुप्राटूर्स या दोन भरवशाच्या.

तिसरा टप्पा, फेझ ते मेर्झूगा

साडेचारशेहून जास्त किलोमीटर, गाडीने सात-आठ तास, थांबत गेलात तर दहा. रात्रीची बस आहे पण ती घेऊ नका, हा रस्ता दिवसाउजेडी बघण्यासारखा आहे. चार जण मिळून ड्रायव्हरसकट गाडी ठरवली तर परवडते. स्वतः चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, गाडी उजव्या बाजूने चालते, आणि गावाच्या वेशीवर स्पीड एकदम कमी करा, जांदार्म म्हणजे तिथले पोलीस कॅमेरा घेऊन उभे असतात.

आधी इफ्रान लागतं, उतरत्या लाल छपरांचं थंड गाव, मग अझ्रूजवळचं देवदाराचं जंगल, तिथे शेपूट नसलेली माकडं असतात, त्यांना खायला देऊ नका. मिदेल्तनंतर झाडं संपत जातात आणि झिझ नदीच्या खोऱ्यात उतरलं की उघड्याबोडक्या तपकिरी कड्यांच्या मधोमध खजुराच्या झाडांची हिरवी पट्टी किलोमीटरच्या किलोमीटर चालत राहते. तिथे व्ह्यूपॉइंटवर थांबा, ड्रायव्हरला सांगून ठेवा.

हा प्रदेश म्हणजे ताफिलाल्त. मेजहूल खजूर, जो आपल्याकडे मॉलमध्ये महागात मिळतो, तो मूळचा इथला. एर्फूदमध्ये जीवाश्मांच्या कारखान्यात दगड कापताना बघता येतं, इथे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता. विकत घेताना जपून, बनावटही बरेच असतात. रस्त्याच्या कडेला ओळीने मातीचे उंचवटे दिसतील, ते खेत्तारा, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्यांची तोंडं. पाण्यासाठी माणसाने किती खणलं ते बघून मराठवाड्यातल्या, नगरकडच्या माणसाला तरी नक्कीच थांबावंसं वाटेल.

रिसानीला रविवार, मंगळवार, गुरुवार बाजार असतो, जमलं तर त्यातला दिवस साधा. गाढवांसाठी वेगळं पार्किंग आहे. शेजारीच सिजिलमासाचे अवशेष, आठव्या शतकात वसलेलं शहर, सहारा ओलांडून सोनं घेऊन येणारे तांडे इथे पोचायचे. आता पडक्या भिंती आहेत, जास्त काही नाही, पण आत्ताच्या राजघराण्याचं मूळ याच परिसरातलं.

चौथा टप्पा, वाळू: दोन रात्री

मेर्झूगाच्या मागे जे वाळूचे डोंगर आहेत त्याला अर्ग शेब्बी म्हणतात, उंची दीडशे मीटरपर्यंत, उत्तर-दक्षिण वीस-पंचवीस किलोमीटर लांब. सहारा म्हणजे सगळीकडे अशीच वाळू असं नाही, बहुतेक भाग दगडगोट्यांचं सपाट माळरान आहे. म्हणून झागोरापर्यंतची 'दोन दिवसांची वाळवंट टूर' स्वस्तात घेणाऱ्यांची निराशा होते, झागोराजवळ वाळूच्या टेकड्या छोट्या आहेत. झागोराच्याही पुढे म्हामीदहून अर्ग शिगागा मोठं आणि शांत आहे पण तिथे फोर बाय फोर लागते, दुसऱ्या ट्रिपला ठेवा.

पहिली रात्र गावातल्या हॉटेलात झोपा, दुसरी कॅम्पमध्ये. वाळू गावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन गावाकडून वाळूवर पडतं, रंग पिवळ्याचा केशरी, केशरीचा तांबूस होत जातो. पहिल्या संध्याकाळी उंट-बिंट काही नको, हॉटेलच्या मागून बूट हातात घेऊन चालत वर चढा. कड्याच्या धारेवरून चढा, उतारावरून चढलात तर दोन पावलं पुढे, एक मागे. अंधार पडायच्या आत परत फिरा, वाळूत सगळं सारखं दिसतं. अल्जेरियाची हद्द फार लांब नाही आणि ती १९९४ पासून बंद आहे, त्यामुळे एकट्याने गाडी घेऊन कुठेही भरकटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खामलियाला जा, दक्षिणेला सातेक किलोमीटर. तिथे ग्नावा लोक राहतात, ज्यांच्या पूर्वजांना सहाराच्या पलीकडून गुलाम करून आणलं होतं. तीन तारांचं गिंब्री आणि लोखंडी झांजा, त्या तालात तासभर कसा जातो कळत नाही. ग्नावा संगीत २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. ऐकायला पैसे मागत नाहीत, पण डबी ठेवलेली असते, मनापासून टाका.

दुपारी चारच्या सुमारास कॅम्पकडे निघायचं. उंटावर तास-दीड तास लागतो, कंबरदुखी असेल तर सरळ जीपने जा, कॅम्पवाले सोडतात. उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, तेव्हा तुम्ही पुढे झुकता, मागे रेला आणि दांडा घट्ट धरा. फुल पँट घाला, मांड्या घासतात. मोठी बॅग हॉटेलात ठेवा, छोट्या सॅकमध्ये गरम कपडे, पाणी, टॉर्च, पॉवर बँक, औषधं. मोबाईल आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत, वाळू कुठेही शिरते. डोक्याला गुंडाळायला तीन-चार मीटरचं सुती कापड रिसानीला घ्या, तिथे स्वस्त पडतं, बांधून द्यायला उंटवाला असतोच.

कॅम्प ठरवताना हे विचारा: टॉयलेट तंबूला जोडून की बाहेर, पांघरुणं किती, कॅम्प वाळूच्या आत की कडेला, शाकाहारी जेवण होईल का, आणि त्या भागात मोटरबाईक, बग्गी चालतात का. त्यांच्या आवाजाने सगळी शांतता जाते. अमावस्येच्या आसपासची तारीख मिळाली तर आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसते. पौर्णिमेला वाळू चमकते पण तारे कमी. मी अमावस्या निवडेन. पहाटे सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी उठून वर जाऊन बसा, आणि तेवढा वेळ फोन तंबूतच राहू द्या.

उंट घेऊन चालणारा माणूस बहुतेकदा अमाझिग असतो. 'बर्बर' हा शब्द तिथे सर्रास ऐकू येतो पण त्यांना स्वतःला अमाझिग म्हटलेलं आवडतं, त्यांची भाषा २०११ च्या घटनेपासून अरबीच्या जोडीने अधिकृत आहे, पाट्यांवर ती वेगळी लिपी दिसते ती त्यांचीच. त्याला वेगळी टीप द्या, टूरच्या पैशातलं त्याच्यापर्यंत किती पोचतं कोण जाणे.

शाकाहारी मंडळींसाठी

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण सांगावं लागतं. भाज्यांचं ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजवलेला पदार्थ, सगळीकडे मिळतं, मात्र कधी कधी मटणाच्या रश्शात शिजवलेलं असतं. "ब्ला ल्हम, ब्ला दजाज, ब्ला हूत", म्हणजे मटण नको, चिकन नको, मासे नकोत, हे पाठ करा आणि रस्सापण नको हे वेगळं सांगा. हरीरा सूपमध्ये बहुधा मांस असतं, विचारून घ्या. बिनधास्त खाण्यासारखं: बिसारा, म्हणजे सुक्या बाकल्याचं दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल आणि जिरं, सकाळी फेझच्या गल्लीत पाच-दहा दिरहामला वाटीभर. झालूक, वांगं-टोमॅटोचं, आपल्या भरताच्या जवळचं. लूबिया म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ, आदस म्हणजे मसूर. नाश्त्याला म्सेमेन, पदर सुटलेला चौकोनी पराठा, त्यावर मध किंवा आमलू, बदाम-आर्गन तेलाची पेस्ट. जैन जेवण मात्र कठीण आहे, कांदा-लसूण सगळ्यात असतो, थेपले, खाकरे, दशम्या सोबत न्या. तिखटाची सवय असणाऱ्यांनी चटणीची छोटी डबी नक्की ठेवा, तिथलं जेवण मसालेदार असतं पण तिखट नसतं.

पुदिन्याचा चहा नको म्हणू नका. भरपूर साखर असते, मधुमेह असेल तर "ब्ला सुक्कर" सांगा.

पाचवा टप्पा, मेर्झूगा ते मराकेश: दोन दिवस तरी

हे एका दिवसात उरकायचं नाही. पहिल्या दिवशी तिनघीरजवळ तोद्राची घळ, दोन्ही बाजूंना जवळजवळ तीनशे मीटर उंच कडे आणि मधून नदीचा छोटा ओहोळ, दुपारी मोठ्या बसगाड्या येतात, त्याआधी पोचा. मुक्काम तिथे किंवा दादेसच्या खोऱ्यात. दादेसजवळचं कलात मगूना गुलाबांसाठी प्रसिद्ध, मे महिन्यात गुलाबांचा उत्सव असतो, गुलाबपाणी इथेच घ्या.

दुसऱ्या दिवशी वार्झाझात. गावात शिरायच्या आधी लांबून माळावर एक उंच चमकणारा मनोरा दिसतो, तो नूर सौरऊर्जा प्रकल्प. पुढे आइत बेनहद्दू, मातीच्या भिंतींचं तटबंदीचं गाव, १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत. जमलं तर गावासमोरच रात्र काढा, डे ट्रिपवाले गेल्यानंतर संध्याकाळी नदी ओलांडून वर चढा, माती तांबडी होते तेव्हा. मग तिझी न तिश्का घाट, २२६० मीटर, वळणं खूप, गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या.

मराकेशच्या दक्षिणेकडच्या या डोंगरांत ८ सप्टेंबर २०२३ ला मोठा भूकंप झाला, जवळजवळ तीन हजार माणसं गेली. घाटातल्या छोट्या ढाब्यावर चहा-नाश्त्याला थांबा, लोकांना त्याचा उपयोग होतो. पडक्या घरांचे फोटो काढत बसू नका.

सहावा टप्पा, मराकेश

दोन दिवस पुरतात. जमा अल फ्ना चौक सूर्यास्तानंतर बघायचा, आधी कडेच्या एखाद्या गच्चीवरून चहा घेत आणि मग खाली उतरून. साप, माकडं घेऊन बसलेल्यांचा फोटो काढला की पैसे मागतात, आणि त्या प्राण्यांचे हाल बघता मी तर लांबच राहतो. मेंदीवाल्या बायका हात धरून सुरुवात करतात, हात खिशात ठेवा, काळी मेंदी तर अजिबात नको, त्यात केमिकल असतं, त्वचा भाजते. खायच्या गाड्यांवर बसण्याआधी दर विचारा, न मागता ठेवलेल्या वाट्यांचे पैसे लागतात. बेन यूसफ मदरसा, बाहिया पॅलेस सकाळी लवकर, माजोरेल बागेचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा.

घासाघीस करताना आवाज चढवायचा नाही. हसत "बशहाल?", म्हणजे कितीला, असं विचारा, त्यांनी सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास सुरुवात करा, जमलं नाही तर "ला, शुक्रन" म्हणून चाला. एकदा तुम्ही बोललेली किंमत त्यांनी मान्य केली की वस्तू घ्यायची, मग मागे फिरणं फार वाईट दिसतं. भारतीय आहात कळलं की शाहरुखचं नाव निघतंच, दोन मिनिटं गप्पा मारा, लोक मनापासून बोलतात.

बायकांनी खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घातले की फिरणं सोपं जातं, सलवार-कुर्ता उत्तम. रस्त्यात कोणी बोलत राहिलं तर उत्तर न देता चालत राहा, जास्तच झालं तर जवळच्या दुकानात शिरा. पोलीस, लष्कर यांचे फोटो नकोत, आणि राजा किंवा पश्चिम सहारा या वादग्रस्त प्रदेशाचा विषय चहाच्या टपरीवर काढू नका. शहरात पोलिसांचा नंबर १९, शहराबाहेर जांदार्मचा १७७, ॲम्ब्युलन्स १५. भारतीय दूतावास राबातला आहे, त्यांचा नंबर निघायच्या आधी कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

शेवटच्या दिवशी उरलेले दिरहाम मोजा आणि विमानतळावर सिक्युरिटीच्या आत जायच्या आधीच युरोत बदलून घ्या, आधी पैसे बदलल्याची पावती मागू शकतात म्हणून ती पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. मराकेश विमानतळावर रांगा लांब असतात, तीन तास आधी पोचा.